यजमानपद आणि लोकांचा अविश्वास : फुटबॉल महासंघाच्या निमित्ताने एक चिकित्सा

१. प्रस्तावना

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, त्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि यजमानपद ही गोष्ट सर्वसामान्य भारतीयाला निखळ अभिमानाची वाटली. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात २०३० च्या शतकमहोत्सवी राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. या वेळी अभिमान होताच. पण त्याच्या जोडीला ‘खर्च किती होणार आणि त्याचा हिशेब कोण देणार?’ हा प्रश्नही होता. दोन पिढ्यांच्या अंतराने एकाच प्रकारच्या वार्तेला मिळणाऱ्या प्रतिसादात पडलेला हा फरक अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे.

या काळात भारतीय माणसाचे खेळावरील प्रेम आटले, असे म्हणता येत नाही. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेला १३,४७,१३३ प्रेक्षकांनी हजेरी लावली आणि त्या वयोगटाच्या स्पर्धेचा तोवरचा विक्रम मोडला. म्हणजे प्रेक्षक मैदानाकडे पाठ फिरवीत नाही. त्याचा विश्वास उडाला आहे तो मैदानाबाहेर, खेळाच्या नावाने चालणाऱ्या संघटनांवरचा.

प्रस्तुत लेखात या अविश्वासाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी फुटबॉलची निवड करण्याचे कारण असे की, या खेळात जागतिक, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरील संघटना एकाच साखळीने बांधलेल्या आहेत. आणि २०२२ साली या साखळीत निर्माण झालेला पेच थेट महाराष्ट्रातील एका स्पर्धेशी निगडित होता. हा अविश्वास नेमका कशावर आहे, तो कितपत न्याय्य आहे आणि भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यांतील महाविद्यालयीन अध्यापकांनी त्याचा विचार का करावा, असे तीन प्रश्न येथे घेतले आहेत. ‘अविश्वास’ हा शब्द द्वेष किंवा अफवा या अर्थाने येथे वापरलेला नाही. ज्याच्या हाती सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक भावना सोपविली, त्यानेच हिशेब देण्यास टाळाटाळ केली असता समाजात जी भूमिका तयार होते, ती येथे अभिप्रेत आहे.

२. फिफा : मतपेटी, तिजोरी आणि यजमान

फिफाची स्थापना १९०४ साली पॅरिस येथे झाली. आज तिचे २११ सदस्य महासंघ आहेत आणि तिच्या महासभेत प्रत्येकाला एक मत आहे. वरवर पाहता ही रचना अत्यंत लोकशाहीवादी वाटते, कारण लहानशा बेटाचे मत ब्राझीलच्या मताइतकेच मोलाचे ठरते. परंतु याच सदस्य महासंघांना विकासनिधीचे वाटप करणारी संस्थाही फिफाच असते. ज्याच्या हाती निधीवाटप, त्यालाच निवडणुकीत मते मागावयाची असतात. आपल्याकडील सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या वाचकाला या व्यवस्थेतील धोका अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

२ डिसेंबर २०१० रोजी २०१८ ची स्पर्धा रशियाला आणि २०२२ ची कतारला बहाल करण्यात आली. त्या वेळी हा निर्णय महासभेकडे नव्हता. तो २४ जणांच्या कार्यकारी समितीकडे होता आणि त्यांपैकी दोघांना मतदानापूर्वीच निलंबित करावे लागले होते. या प्रक्रियेची चौकशी मायकेल गार्सिया या अमेरिकन विधिज्ञांकडे सोपविण्यात आली. त्यांचा अहवाल प्रसिद्ध न करता २०१४ साली केवळ त्याचा सारांश जाहीर करण्यात आला. तो सारांश आपल्या अहवालाशी प्रामाणिक नाही असा आक्षेप घेऊन गार्सिया यांनी राजीनामा दिला. पूर्ण अहवाल वाचकांच्या हाती येण्यास २०१७ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, २७ मे २०१५ रोजी, झुरिकमधील एका हॉटेलातून फिफाच्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली आणि पाचव्यांदा अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या सेप ब्लाटर यांना चारच दिवसांनी पद सोडण्याची घोषणा करावी लागली.

यानंतर सुधारणा झाल्या. यजमान निवडण्याचा अधिकार महासभेकडे गेला. परंतु ११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ ची स्पर्धा सौदी अरेबियाला देताना रिंगणात दुसरा उमेदवारच नव्हता आणि निर्णय टाळ्यांच्या गजरात झाला. निवड करण्याचा अधिकार २११ जणांना दिला, पण निवडण्याजोगा पर्याय एकच ठेवला, तर त्या अधिकाराचे मोल किती उरते, हा प्रश्न येथे विचारावाच लागतो.

यजमान देशाच्या बाजूने पाहिले असता चित्र अधिक स्पष्ट होते. विश्वचषकाचे प्रक्षेपण व जाहिरात यांचे हक्क फिफाकडे असतात. २०१९ ते २०२२ या चार वर्षांच्या आवर्तनात तिचे उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरांहून अधिक होते. क्रीडागारे, रस्ते, विमानतळ आणि सुरक्षा यांचा भार मात्र यजमानावर असतो. शिवाय करसवलतीची हमीही त्यालाच द्यावी लागते. ब्राझीलने क्रीडागारांत मद्यविक्रीला बंदी घातलेली होती. २०१४ च्या स्पर्धेसाठी २०१२ साली खास कायदा करून ती बाजूला सारण्यात आली. म्हणजे यजमान राष्ट्र केवळ मांडव घालून देत नाही, तर पाहुण्यांसाठी घरचा कायदाही वाकविते. २०१३ च्या जून महिन्यात बसभाड्याच्या वाढीवरून ब्राझीलभर उसळलेल्या आंदोलनात ‘फिफाच्या दर्जाची’ रुग्णालये आणि शाळा मागणारे फलक झळकले. ज्या देशात फुटबॉल हा जणू लोकधर्म आहे, तेथील जनतेने हा प्रश्न विचारावा, यातच त्याचे वजन आहे. मानाऊस या शहरात बांधलेल्या भव्य क्रीडागारात विश्वचषकाचे अवघे चार सामने झाले; त्या शहराचा एकही संघ देशाच्या अव्वल साखळीत नव्हता.

३. भारतीय महासंघ : स्वायत्तता कोणाची?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना १९३७ ची. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १८९१ साली मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक महासंघाहून जुना आहे. आणि कोल्हापुरात तर तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या सामन्यांना जमणारी गर्दी पाहिली म्हणजे खेळ रुजण्यासाठी विश्वचषकच भरवावा लागतो, हा समज दूर होतो. २०१७ च्या भारतीय संघात खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

या महासंघाचे अध्यक्षपद प्रफुल्ल पटेल यांच्याकडे २००८ साली प्रथम प्रभारी म्हणून आणि २००९ साली निवडणुकीने आले. पुढे २०१२ आणि २०१६ साली ते पुन्हा निवडून आले. २०१६ ची निवडणूक राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार झाली नाही, या कारणावरून दिल्ली उच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी ती रद्द ठरविली. येथे तारीख महत्त्वाची आहे. मुलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना २८ ऑक्टोबरला कोलकात्यात झाला होता. म्हणजे प्रेक्षकसंख्येच्या विक्रमाचा आनंद आणि संघटनेच्या वैधतेविषयीचा निकाल यांत केवळ तीन दिवसांचे अंतर होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती देऊन महासंघाची नवी घटना तयार करण्याचे काम एस. वाय. कुरेशी आणि माजी फुटबॉलपटू भास्कर गांगुली यांच्याकडे दिले. डिसेंबर २०२० मध्ये कार्यकारिणीची मुदत संपली, तरी निवडणूक झाली नाही. अखेर १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी दूर करून न्या. अनिल दवे यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची प्रशासक समिती नेमली.

त्यानंतर घडले ते या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशीच, ‘त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप’ या कारणास्तव फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. ऑक्टोबरमध्ये भारतात, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे व्हावयाची १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा त्यामुळे टांगणीला लागली. आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुळम केरळ संघातील महिला खेळाडूंना न खेळताच परतावे लागले. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि २ सप्टेंबरला निवडणूक झाली. तीत कल्याण चौबे यांना ३३ आणि भारतीय फुटबॉलचा सर्वाधिक परिचित चेहरा असलेल्या बायचुंग भुतिया यांना १ मत मिळाले.

या घटनाक्रमातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, दीर्घकाळ रेंगाळलेला निवडणुकीचा प्रश्न यजमानपद धोक्यात येताच काही दिवसांत मार्गी लावावा लागला. खेळाडूंचे हित, पारदर्शकता, निवडणुकीची मुदत यांपैकी कशानेही जी घाई निर्माण केली नाही, ती स्पर्धा हातची जाण्याच्या भीतीने केली. यजमानपद हे येथे सन्मानापेक्षा ओलीस ठेवण्याचे साधन ठरले. दुसरी गोष्ट प्रतिनिधित्वाची. प्रशासक समितीच्या आराखड्यात राज्य संघटनांच्या बरोबरीने नामवंत खेळाडूंनाही मताधिकार होता. फिफाचा त्यास आक्षेप होता. अखेरच्या मतदारयादीत केवळ राज्य व केंद्रशासित प्रदेशांच्या संघटना उरल्या. खेळाडूंना कार्यकारिणीत काही जागा मिळाल्या, परंतु ती निवडण्याचा अधिकार मिळाला नाही. महासंघाला प्रथमच माजी खेळाडू अध्यक्ष लाभला, हे खरे; तथापि त्याला निवडणारे हात खेळाडूंचे नव्हते.

तिसरी गोष्ट सर्वांत मूलभूत आहे. ‘स्वायत्तता’ हा शब्द विद्यापीठीय वर्तुळात आपण आदराने उच्चारतो. शासनकर्त्यांच्या लहरीपासून ज्ञानव्यवहाराचे रक्षण करणारी ती ढाल आहे. फिफाचे स्वायत्ततेचे तत्त्वही मुळात याच हेतूने आले, आणि हुकूमशाही राजवटी खेळाडूंचा कसा वापर करतात हे ठाऊक असणाऱ्या कोणीही ते सरसकट टाकाऊ मानू नये. परंतु भारतीय प्रकरणात हस्तक्षेप कोणा मंत्र्याने केलेला नव्हता. मुदत संपूनही निवडणूक न घेणाऱ्या कार्यकारिणीला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दूर केले होते. न्यायालयीन उपाय आणि राजकीय दडपण यांत फरक करण्याची सोय ज्या नियमात नाही, तो नियम स्वायत्ततेचे रक्षण करीत नाही. पदावर असलेल्यांचे करतो. त्यात महासंघाचे मावळते अध्यक्ष त्या वेळी फिफाच्या परिषदेचेही सदस्य होते. एकाच व्यक्तीकडे नियंत्रित आणि नियंत्रक अशा दोन्ही भूमिका असणे हे कोणाच्याही हेतूवर शंका न घेतादेखील विश्वासाला पोषक मानता येत नाही.

पुढील वर्षांनी हा अविश्वास दूर केला, असे म्हणण्यास आधार नाही. नव्या घटनेला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळण्यास सप्टेंबर २०२५ उजाडला. त्याच वर्षी व्यावसायिक करारांच्या अनिश्चिततेमुळे इंडियन सुपर लीग नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकली नाही आणि पुरुषांचा संघ २०२७ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला नाही. याउलट महिला संघाची वाटचाल बोलकी आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झालेल्या महिला आशिया चषकात भारताला प्रवेश मिळाला तो यजमान म्हणून, आणि कोरोनाची बाधा झाल्याने तेरा खेळाडूही उभे न राहून यजमानालाच माघार घ्यावी लागली. २०२५ साली मात्र या मुलींनी थायलंडमध्ये थायलंडलाच हरवून २०२६ च्या स्पर्धेची पात्रता खेळून मिळविली. यजमानपदाने दिलेले दार आणि कर्तृत्वाने उघडलेले दार यांतील फरक यापेक्षा चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

४. पुण्याचा अनुभव

यजमानपदाविषयी बोलताना पुणे जिल्ह्याला दूरची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभारण्यात आली. त्याच ठिकाणी १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात तिसऱ्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. या स्पर्धा २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांची रंगीत तालीम मानल्या गेल्या. आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी पुण्याचे खासदार व भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष सुरेश कलमाडी होते.

दिल्लीत पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे. स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना मुख्य क्रीडागाराजवळचा पादचारी पूल कोसळला. अनुसूचित जातींच्या घटक योजनेतील निधी स्पर्धेशी संबंधित कामांकडे वळविल्याचा मुद्दा संसदेत गाजला. शुंगलू समिती नेमली गेली आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. कलमाडी यांना एप्रिल २०११ मध्ये अटक झाली व पुढे जामीन मिळाला. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतीय संघटनेला निलंबित केले ते फेब्रुवारी २०१४ पर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे स्पर्धेनंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी, दिल्लीच्या न्यायालयाने या संदर्भातील आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल स्वीकारला.

या शेवटच्या घटनेकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. काहींनी यातून ‘म्हणजे घोटाळा झालाच नव्हता’ असा अर्थ काढला, तर काहींनी ‘मोठी माणसे सुटतातच’ असा. चिकित्सक अभ्यासकाला दोन्ही निष्कर्ष स्वीकारता येणार नाहीत. फौजदारी न्यायालयापुढील प्रश्न विशिष्ट व्यक्तीने विशिष्ट गुन्हा केला काय, एवढाच असतो, आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच ठरले पाहिजे. स्वित्झर्लंडच्या न्यायालयांनी ब्लाटर यांना २०२२ आणि पुन्हा २०२५ साली निर्दोष ठरविले, त्याचाही आदर केला पाहिजे. परंतु नागरिकाचा प्रश्न वेगळा असतो : खर्चाचा अंदाज अनेक पटींनी का वाढला, कामे अखेरच्या क्षणापर्यंत का रखडली, त्या घाईत नियम शिथिल का झाले आणि यातून उभी राहिलेली मालमत्ता आज कोणाच्या उपयोगी पडते? या प्रश्नांना शिक्षा हे उत्तर नाही आणि सुटका हेही नाही. त्यांचे उत्तर हिशेब हेच आहे. निर्दोषत्व न्यायालय देऊ शकते. विश्वासार्हता संस्थेने स्वतः कमवावी लागते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच आपल्याकडील चर्चा व्यक्तीच्या चारित्र्यावर सुरू होते आणि तेथेच संपते. व्यवस्था मात्र जशीच्या तशी राहते.

५. भोर-वेल्ह्याच्या बाजूने पाहताना

भोर आणि वेल्हे (आता नामांतराने राजगड) हे तालुके पुणे शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या टप्प्यात असले, तरी बालेवाडीपासूनचे त्यांचे अंतर किलोमीटरात मोजता येत नाही. हा प्रदेश ‘सार्वजनिक हित’ या शब्दाशी चांगला परिचित आहे. भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशा धरणांसाठी येथील खोऱ्यांनी जमिनी दिल्या. पाणी खाली गेले आणि गावे डोंगराच्या कुशीत सरकली. तेव्हा ‘मोठ्या प्रकल्पाचा लाभ हळूहळू सर्वांपर्यंत झिरपतो’ हा सिद्धान्त येथील माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्याने तो अनुभवाने तपासलेला आहे. धरणाच्या बाबतीत निदान पाणी दिसते. क्रीडास्पर्धेच्या बाबतीत काय झिरपले, हे पाहणे आवश्यक ठरते.

२०१७ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने राज्य शासनाने १५ सप्टेंबर रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबविला. राज्यातील दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा, असा त्याचा संकल्प होता. कल्पना चांगली होती आणि मुलांना त्या दिवशी मिळालेला आनंदही खरा होता. परंतु ज्या शाळेला सपाट मैदान नाही, जेथे भातकापणी झाल्यावर मोकळी झालेली खाचरे हेच क्रीडांगण आणि पावसाळ्याचे चार महिने ओसरी हीच व्यायामशाळा, तेथे चेंडू पोहोचणे म्हणजे खेळ पोहोचणे नव्हे. त्यासाठी मैदान, प्रशिक्षक आणि सातत्याने होणारे सामने हवेत. एक दिवस मोजता येतो, म्हणून तो साजरा केला जातो. वर्षानुवर्षे चालणारे काम मोजण्याची यंत्रणा नसते, म्हणून ते राहून जाते. तालुका क्रीडासंकुलांची योजना कागदावर अधिक शहाणपणाची आहे. मात्र क्रीडागारासाठी असणारी तातडी तिच्या वाट्याला क्वचितच येते, कारण तिला उद्‌घाटनाची आंतरराष्ट्रीय तारीख नसते.

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची सायकल शर्यत झाली आणि तिच्यासाठी जिल्ह्यातील अनेक रस्ते गुळगुळीत करण्यात आले. रस्ता झाला याचे स्वागतच आहे, कारण शर्यत संपल्यावरही त्यावरून दूधवाला, विद्यार्थी आणि रुग्णवाहिका जाणारच. तरीही, जो रस्ता वर्षानुवर्षांच्या अर्जविनंत्यांनी होत नाही तो पाहुणे येणार म्हटल्यावर होतो, यातून नागरिकाने आपल्या अर्जाचे मोल काय समजावे? अविश्वासाचे बीज अनेकदा भ्रष्टाचारात नसते, तर अग्रक्रमाच्या या उघड क्रमवारीत असते.

याच्या तुलनेसाठी आपल्या परिसरातील एक जुनी पद्धत पाहण्याजोगी आहे. मेंगाईची असो वा एखाद्या वाडीच्या भैरवनाथाची, जत्रा म्हणजेही एक प्रकारचे यजमानपदच असते. वर्गणी घरटी ठरते, देणाऱ्याचे नाव व रक्कम फलकावर लागते, आखाड्यात प्रत्येक कुस्तीचे इनाम पंच मोठ्याने पुकारतात आणि जत्रा उरकल्यावर देवळात हिशेबाचे वाचन होते. नारळापासून मांडवापर्यंत प्रत्येक खर्चावर गावकरी बोट ठेवू शकतो, आणि ठेवतोही. या पद्धतीला आदर्श मानण्याचे कारण नाही. तिच्यात मानपानाचे वाद आहेत, जातींची उतरंड आहे आणि हिशेबाच्या बैठकीत स्त्रियांचा आवाज जवळजवळ नसतो. परंतु एक तत्त्व तीत पक्के आहे : ज्याने वर्गणी दिली त्याला विचारण्याचा हक्क आहे, आणि विचारणारा जत्रेचा वैरी ठरत नाही. फिफापासून राष्ट्रीय महासंघापर्यंत नेमके हेच तत्त्व गळून पडले आहे. तेथे प्रश्न विचारणारा खेळाचा किंवा देशाचा विरोधक ठरविला जातो.

त्याच वेळी गावोगावच्या खाचरांत भरणाऱ्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. या स्पर्धा वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या ‘चषका’च्या नावाने ओळखल्या जातात. मैदान गावाचे, घाम पोरांचे आणि फलकावरील छायाचित्र दात्याचे. खर्च व श्रम अनेकांचे आणि श्रेय एकाचे, हे जागतिक स्पर्धांचे व्याकरण आपण तालुक्याच्या पातळीवरही गिरवीत आहोत. त्यामुळे हा दोष झुरिकमध्येच आहे, अशा समजुतीत राहणे सोयीचे असले तरी खरे नाही.

६. काही आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मोठ्या स्पर्धांमुळे पायाभूत सुविधा तरी उभ्या राहतात. बालेवाडी नसती तर पुण्यात खेळाची एवढी मैदाने कोठून आली असती? या आक्षेपात तथ्य आहे. १९९४ साली उभारलेली नगरी २००८ साली आणि पुन्हा २०२२ च्या महिला आशिया चषकाला उपयोगी पडली, हे नोंदविले पाहिजे. प्रश्न बांधकामाचा नसून वापराचा आहे. स्पर्धा नसलेल्या दिवशी तेथे कोणाला प्रवेश मिळतो, कोणत्या शुल्कात मिळतो आणि ग्रामीण खेळाडूच्या निवासाची सोय होते काय, हे निकष लावल्याखेरीज ‘वारसा’ हा शब्द वापरू नये.

दुसरा आक्षेप असा की, संघटनांवर शासनाचे नियंत्रण आणले तर रोगापेक्षा औषध भयंकर ठरेल. हाही आक्षेप गंभीर आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ व क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद केली असून शासकीय निधी घेणाऱ्या संघटनांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले आहे. यातील माहिती अधिकाराचा भाग स्वागतार्ह आहे. परंतु शासकीय निधी न घेता देशाच्या नावाने खेळणाऱ्या धनाढ्य संघटनेला हा नियम कितपत लागू होईल, आणि मंडळाची नियुक्ती शासनाच्याच हाती असताना ते शासनापासून किती अंतर राखू शकेल, या शंका उरतात. स्वायत्तता हवीच, मात्र ती खेळाडू आणि प्रेक्षक यांना उत्तरदायी असणारी हवी.

तिसरा आक्षेप अविश्वासावरच आहे. सतत संशय घेणारा समाज काहीही उभारू शकत नाही, असे म्हटले जाते. येथे अविश्वास आणि उदासीनता यांत फरक करणे आवश्यक आहे. ‘सगळे सारखेच’ असे म्हणून मान फिरविणारा मनुष्य कोणालाच हिशेब मागत नाही. त्याची उदासीनता सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावरच पडते. हिशेब मागणारा अविश्वास हा मुळात विश्वास ठेवण्याची इच्छा अजून जिवंत असल्याचे लक्षण आहे. म्हणून त्याला दाबण्यापेक्षा त्याला योग्य प्रश्न पुरविणे हे शिक्षित समाजाचे काम ठरते.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, क्रीडासंघटनांविषयीचा लोकांचा अविश्वास हा अज्ञानातून किंवा मत्सरातून आलेला नसून, खर्च जनतेचा, अधिकार मोजक्यांचा आणि हिशेब कोणाचाच नाही, या रचनेतून आलेला आहे. फिफाच्या बाबतीत निधी देणारा व मते मागणारा एकच असणे, भारतीय महासंघाच्या बाबतीत स्वायत्ततेच्या नावाखाली मुदतीचे बंधन टळणे आणि राष्ट्रकुल स्पर्धांच्या बाबतीत घाईने नियमांवर केलेली मात, ही या एकाच रचनेची तीन रूपे आहेत. यजमानपद स्वीकारण्यापूर्वी खर्चाचा अंदाज व हमीपत्रातील अटी जाहीर होणे, मतदार मंडळात खेळाडूंना मतासह स्थान मिळणे, नियंत्रित व नियंत्रक या भूमिका वेगळ्या राहणे आणि स्पर्धेनंतर ठरावीक मुदतीत मैदानांच्या वापराचा अहवाल लोकांपुढे येणे, या किमान अटी पाळल्या गेल्या, तर २०३० च्या अहमदाबादकडे निराळ्या नजरेने पाहता येईल.

या मागण्या करण्याचा अधिकार आपणा अध्यापकांना सहजासहजी मिळत नाही, हेही ध्यानात ठेवणे इष्ट. प्रत्येक महाविद्यालय प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांकडून जिमखाना शुल्क घेते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे यजमानपद मिळाल्यावर आपणही पाहुण्यांसाठी मैदानाची आखणी करतो, मांडव घालतो, सत्कार करतो. त्या शुल्कातून किती चेंडू आले, मुलींच्या संघावर किती खर्च झाला, डोंगरावरून पायी येणाऱ्या खेळाडूच्या प्रवासाची व अल्पोपाहाराची काय सोय झाली, याचा एक पानी हिशेब वर्षअखेरीस सूचनाफलकावर लावण्यास कोणत्याही महासंघाच्या परवानगीची आवश्यकता नाही. तो वाचून प्रश्न विचारावयास शिकलेला विद्यार्थी पुढे कोणत्या तरी जत्रा कमिटीत, ग्रामपंचायतीत किंवा क्रीडासंघटनेत बसणार आहे. तेथे हिशेबाचा विषय निघाला म्हणजे मान खाली न घालण्याचे शिक्षण त्याला आपल्याच आवारात मिळाले पाहिजे.